गोष्ट कोण सांगतो आहे?

दिवाळीच्या फराळाची तयारी चालू असलेल्या स्वयंपाकघरात एक खास भाषा बोलली जाते. "मोहन कमी पडले", "पाक एकतारीच राहिला", "भाजणी जरा जाड दळली गेली". ही भाषा ज्यांना येते त्यांना चकली कडक का झाली हे नेमके सांगता येते आणि पुढचा घाणा सुधारताही येतो. ज्यांना ती येत नाही ते बिचारे "यंदा चकली काही जमली नाही बुवा" एवढे म्हणून दुसरी चकली उचलतात. मोहन, पाक, भाजणी या शब्दांना कोणी कधी पारिभाषिक संज्ञा म्हणत नाही. ते रोजच्या कामाचे शब्द आहेत, इतकेच.

गोष्टी वाचण्याच्या बाबतीत मात्र आपल्यातले पुष्कळ जण त्या दुसऱ्या पंक्तीत बसतात. "छान आहे", "जरा लांबली", "शेवट पटला नाही" यापलीकडे बोलणे जात नाही. परीक्षणात कथानक, निवेदन, दृष्टिकोन, पूर्वसूचन, प्रतीक असे शब्द दिसू लागले की आपण पान उलटतो. हे शब्द परीक्षेच्या गाइडांतून जन्माला आले, आणि परीक्षेबरोबर त्यांचे कामही संपले, अशी आपली समजूत असते. खरे पाहता तेही स्वयंपाकघरातलेच शब्द आहेत, फक्त गोष्टीच्या स्वयंपाकघरातले. त्यांत एक शब्द कळीचा आहे. तो नीट समजला की बाकीचे त्याच्या मागोमाग घरात येतात.

प्रथम एक साधीशी गोष्ट घेऊ. काळ जुना, जेव्हा घराघरांत चुली होत्या आणि खुशाली पोस्टकार्डावर कळत असे. घरात दिवाळसणाला जावई आलेले आहेत. चुलीवर बासुंदीचे दूध आटत आहे. ते दूध उतू गेले. सासूबाई सुनेवर रागावल्या. सून रडली. त्या दिवशी जावयांखेरीज कोणी पोटभर जेवले नाही.

या झाल्या चार घटना. त्या एकामागून एक सांगितल्या तर ती हकीकत होते. आता असे म्हणा: दूध उतू गेले, कारण सून खिडकीशी उभी राहून पोस्टमनची वाट पाहत होती, आणि वाट पाहत होती, कारण माहेरी तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. लगेच त्या सांडलेल्या दुधाला वजन येते. घटनांना 'मग' या शब्दाने जोडले की हकीकत होते, 'कारण' या शब्दाने जोडले की कथानक. आणि ज्या एका ठिणगीतून लेखकाला हे सारे सुचले, म्हणजे उतू जाणारे दूध आणि खिडकीकडे लागलेले डोळे, ते कथाबीज. वर्तमानपत्रात रोज शेकडो हकीकती छापून येतात. त्यांतल्या एखादीत कोणाला तरी असा 'कारण' सापडतो आणि तिची गोष्ट होते.

इथपर्यंत सोपे आहे. पुढचा प्रश्न असा, की ही गोष्ट सांगायची कोणी?

सून सांगू लागली तर गोष्टीत दूध फार उशिरा येईल. तिच्या मनात आई आहे, मागच्या पत्रातले थरथरते अक्षर आहे, अंगणाच्या फाटकाचा आवाज आहे. दूध केवळ शेवटी, चुलीत पडून फस्सकन आवाज होईल तेव्हा. सहा वर्षांचा बंडू सांगू लागला तर दूध जळल्याचा वास, आईचे लाल डोळे आणि आजीचे गप्प बसणे येईल. आणि मुख्य म्हणजे हे सगळे आपण सकाळी साखरेच्या डब्यात बोट घातले म्हणून घडले, अशी त्याची पक्की समजूत येईल. उरल्या सासूबाई. त्यांची बाजू तूर्त राहू द्या. तिच्याकडे मागाहून येऊ.

गोष्ट सांगणारा तो निवेदक, आणि त्याचे सांगणे ते निवेदन. तो 'मी' म्हणून बोलत असेल तर प्रथमपुरुषी निवेदन, 'तो' आणि 'ती' म्हणून बोलत असेल तर तृतीयपुरुषी. तृतीयपुरुषी निवेदकाला सर्वांच्या मनातले ठाऊक असेल तर त्याला सर्वसाक्षी म्हणतात. आणि ज्याच्या डोळ्यांनी आपल्याला गोष्ट दिसते त्याचा तो दृष्टिकोन. निवेदन म्हणजे बोलतो कोण, दृष्टिकोन म्हणजे पाहतो कोण. दोन्ही एकाच माणसाचे असतील असे नाही. "बंडूने दाराआडून पाहिले" असे वाक्य बोलणारा बंडू नाही, पण डोळे त्याचेच आहेत, आणि कॅमेरा असावा तसे ते जमिनीपासून तीन फुटांवर आहेत. आपल्याला आजीचा चेहरा दिसण्याआधी तिची पावले दिसतात.

हा विचार परदेशातून आला असे कोणास वाटत असेल तर त्याने सातशे वर्षे मागे जावे. महानुभाव पंथातील केशिराजबासांनी चक्रधरस्वामींच्या दृष्टान्तांचा 'दृष्टान्तपाठ' सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची बांधणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग त्याचा उलगडा करणारा दार्ष्टान्तिक. त्यांत जन्मांधांच्या हत्तीचा दृष्टान्त आहे. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. त्यांतला कोणीही खोटे बोलत नाही. आपल्या हाताला जेवढे लागले तेवढे तो प्रामाणिकपणे सांगतो आहे. कथेतला दृष्टिकोन म्हणजे हेच. संपूर्ण हत्ती दिसायचा तर सर्वसाक्षी निवेदक हवा. पण मग चाचपडण्यातली जी वेदना आणि जी मौज, ती हातची जाते.

निवेदकाची निवड ही केवळ कारागिरीची बाब नाही. त्या निवडीने समाजाला काय ऐकू येईल हे ठरते. आपल्या भाषेत याचा सर्वांत मोठा दाखला हरिभाऊ आपट्यांनी घालून दिला. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. तो काळ आठवा. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले होते. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणारा तो कायदा १८९१ साली झाला. सभा, अग्रलेख, शास्त्रार्थ यांना ऊत आला होता. दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुतेक पुरुष. ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्या मुली माजघरात होत्या, आणि माजघराचा आवाज ओसरीपर्यंत येत नसे.

हरिभाऊ सुधारक मताचे. सर्वसाक्षी निवेदक होऊन त्यांना बालविवाहाच्या आणि केशवपनाच्या दुष्टपणावर सुंदर व्याख्यान देता आले असते. वाचकांनी ते वाचून माना डोलावल्या असत्या, नाहीतर नाके मुरडली असती. त्यांनी तसे केले नाही. गोष्ट सांगायला त्यांनी यमूला बसवले. यमू लहानपणापासून सांगत जाते: भातुकली, भावाशी भांडणे, मैत्रीण दुर्गी, लग्न, सासर, लिहायला वाचायला शिकवणारा नवरा, मग वैधव्य, आणि मग ज्याची त्या काळच्या प्रत्येक विधवेला धास्ती असे तो प्रसंग. हे सांगताना ती युक्तिवाद करायला फारशी थांबत नाही. ती घडले ते सांगते. शास्त्रार्थाला शास्त्रार्थाने उत्तर देता येते. पण घरातलीच एक मुलगी समोर बसून आपल्यावर काय गुदरले ते सांगू लागली तर तिला काय उत्तर द्यायचे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यमू म्हणजे हरिभाऊ नव्हेत. पंचविशी ओलांडलेला एक तरुण पुरुष एका विधवा मुलीच्या तोंडून बोलत होता. लेखक आणि निवेदक ही दोन निरनिराळी माणसे आहेत, हा सगळ्या परिभाषेतला सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत लवकर विसरला जाणारा धडा. 'मी' म्हणून लिहिलेली कथा वाचली की "हे लेखकाच्याच घरचे दिसते" असे आपण म्हणून जातो. कथेतल्या एखाद्या पात्राने काही अनुदार उद्गार काढले की ते लेखकाच्या पदरात घालून मोकळे होतो. बिचाऱ्या लेखकाला नातेवाइकांत तोंड दाखवण्याची चोरी होते.

चि. वि. जोशी हे बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक होते. गंभीर अभ्यासाचा विषय. आणि त्यांनी जन्माला घातलेला चिमणराव मात्र आपल्या फजित्या आपणच सांगत सुटतो. गुंड्याभाऊ बरोबर असला म्हणजे तर विचारूच नये. गंमत अशी, की आपण किती हास्यास्पद दिसतो आहोत हे सांगणाऱ्या चिमणरावाच्या पुरते ध्यानात येत नाही, आणि ऐकणाऱ्या आपल्या मात्र येते. त्याच्या आणि आपल्या समजुतीत जे अंतर पडते, त्या अंतरातच सारे हसू साठलेले असते. ज्या निवेदकाच्या शब्दावर पूर्ण विसंबून चालत नाही, त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. तो लबाडच असतो असे नाही. चिमणरावासारखा भोळाही असेल, बंडूसारखा लहानही असेल.

एकच घर, पण सांगणारे तीन, असाही प्रयोग मराठीत गाजला आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) आपण पौराणिक कादंबरी म्हणून वाचतो. तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. ययाती बोलत असता देवयानी मानी, हेकेखोर भासते. देवयानी स्वतः बोलू लागली की आपण जरा सावरून बसतो. शर्मिष्ठेची पाळी आली की आधीच्या दोघांनी काय काय गाळले ते उमगते. घरोघरचा अनुभव याहून फार वेगळा नसतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले: माणसाच्या मनात विचार जसे तुटत, जुळत, भरकटत जातात तसेच ते कागदावर उतरवले. त्याला संज्ञाप्रवाह म्हणतात. तो वाचायला कठीण जातो खरा. परंतु आपलेच मन पाच मिनिटे टिपून ठेवले तर तेही वाचायला सोपे जाणार नाही.

वातावरणाविषयी थोडक्यात सांगतो. वातावरण म्हणजे पहिल्या परिच्छेदात टांगलेला चंद्र किंवा सूर्यास्ताचा पडदा नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि जे पाहतो ते सांगतो. तिथले माळ, मेंढरे आणि पाऊस हे देखाव्यासाठी नाहीत. पाऊस आला नाही म्हणजे वाडी उठते आणि गोष्ट संपते. ते वातावरण काढून घेतले तर कथानकच उभे राहत नाही. वातावरणाची खरी परीक्षा हीच.

आता कलाटणीकडे येऊ, म्हणजे आपल्या सासूबाईंकडेही येता येईल.

ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात लेखनाच्या तंत्राची चर्चा केली, आणि कथेची रचना हा शिकण्याचा विषय आहे हे मराठी वाचकाच्या मनावर ठसवले. आकर्षक आरंभ, वाढती उत्कंठा, उत्कर्षबिंदू, चटका लावणारा शेवट, अशा चाकोरीतून एक पिढी लिहिती झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने ती चाकोरी मोडली. शेवटचा चटका नसला तरी चालेल, माणसाचे मन खरे उमटले पाहिजे, असा तिचा रोख होता. वाद पुष्कळ झाला. कलाटणी मात्र कधीच हद्दपार झाली नाही, कारण आयुष्यही अधूनमधून ती देतच असते.

तर आपल्या गोष्टीला कलाटणी देऊ. दुपारी जावई गाडीवर गेले. सासूबाईंनी सुनेला हाक मारली, पदराची गाठ सोडली आणि आतून एक कार्ड काढले. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. जुन्या माणसांना अधिक सांगायला नको. ते कार्ड सकाळीच आले होते. वार्ता कानी पडली की सुनेला सुतक. मग ती चुलीपाशी कशी उभी राहणार, आणि लेकीचा पहिला दिवाळसण कसा पार पडणार? सासूबाई चार तास ते कार्ड पदरात बांधून वावरत होत्या. दूध उतू गेले तेव्हा त्या सुनेवर ओरडल्या. पण खिडकीशी उभी असलेली सून ज्याची वाट पाहत होती ते त्यांच्या कमरेशी होते.

आता त्यांना काय म्हणाल? सुनेला चार तास उशिरा अनाथ होऊ देणारी कनवाळू बाई, की लेकीच्या सणासाठी दुसऱ्याच्या लेकीचे दुःख बांधून ठेवणारी स्वार्थी बाई? दोन्ही खरे असेल. ज्या पात्राविषयी असा प्रश्न पडतो ते अनेकपदरी. ज्याच्याविषयी पडत नाही ते एकरंगी. आणि आधी त्यांची बाजू ऐकली नव्हती तेव्हा आपण त्यांना मनातल्या मनात कोणत्या रांगेत बसवले होते, तेही ज्याने त्याने आठवून पाहावे.

या कलाटणीचे दोन नियम लगेच दिसतात. पहिला असा, की आधी कुठेतरी "सासूबाईंचा हात सारखा पदराच्या गाठीकडे जात होता" असे एक वाक्य सहज पडून गेले पाहिजे. ते पूर्वसूचन. वाचताना ते लक्षात येऊ नये आणि वाचून झाल्यावर विसरता येऊ नये. ते नसेल आणि आयत्या वेळी कार्ड निघाले, तर तो नुसता योगायोग. दुसरा नियम दृष्टिकोनाचा. सून किंवा बंडू सांगत असेल तरच ही कलाटणी साधते. सासूबाई स्वतः 'मी' म्हणून सांगत असतील आणि कार्ड शेवटपर्यंत लपवतील, तर वाचकाला फसल्यासारखे होते. त्यांनी पहिल्याच ओळीत कार्ड दाखवले पाहिजे. मग कलाटणी राहत नाही, पण त्या चार तासांचा ताण राहतो. दोन्ही गोष्टी चांगल्या होतील. मात्र त्या दोन निरनिराळ्या गोष्टी असतील.

अशा युक्त्या निरुपद्रवी असतात असे मात्र समजू नका. आपल्या सर्वांच्या परिचयाची अंगठीच घ्या. 'शाकुंतल' ऐकलेल्या प्रत्येकाला वाटते की दुष्यंत शकुंतलेला विसरला तो दुर्वासाच्या शापामुळे, आणि माशाच्या पोटातून निघालेल्या अंगठीने त्याला स्मरण झाले. महाभारताच्या आदिपर्वातल्या मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, आणि लोक काय म्हणतील या भयाने भर सभेत तिला नाकारतो. तिथली शकुंतला अश्रू ढाळत परत जात नाही. राजाला खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो, की आपल्याला सारे ठाऊक होते. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली, आणि नाटकाला अपूर्व करुण रस मिळाला. चौथ्या अंकात शाप प्रियंवदा आणि अनसूया यांना कळतो, आपल्याला कळतो, शकुंतलेला कळत नाही. त्यामुळे तिचे प्रत्येक आशेचे वाक्य आपल्याला चटका लावते. परंतु त्याच अंगठीने राजाचा अपराधही धुऊन काढला. महाभारतात जो भित्रा ठरतो तो नाटकात शापग्रस्त ठरतो. कथेतली युक्ती कोणाच्या बाजूने काम करते आहे हे विचारावे ते यासाठी. कालिदासाची थोरवी त्याने कमी होत नाही, आणि आपले डोळे मात्र उघडे राहतात.

राहता राहिले प्रतीक. आपल्या गोष्टीतले उतू गेलेले दूध हे सुनेच्या मनाचे प्रतीक आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे, पण आधी ते दूध असले पाहिजे, त्याची साय करपली पाहिजे आणि जावयांच्या वाटीत बासुंदी कमी पडली पाहिजे. वस्तू वस्तू म्हणून खरी असली तरच ती प्रतीक म्हणून उभी राहते. दृष्टान्तात आणि रूपककथेत अर्थ आधी असतो आणि गोष्ट त्याच्यासाठी रचतात. कथेत गोष्ट आधी असते. अर्थाला तिच्यातून वाट काढावी लागते. म्हणून प्रत्येक झाडात आणि पाखरात प्रतीक शोधत बसू नये. काही पाखरे नुसती पाखरेच असतात.

ही सगळी नावे पाठ करायची गरज नाही. हा अंक हातात आहे, त्यात कथा आहेत. एखादी मनात घोळत राहिली तर दोन प्रश्न विचारून पाहावे. ही गोष्ट कोण सांगतो आहे? आणि जो बोलत नाही, त्याला बोलू दिले असते तर ती कशी झाली असती? कथा चांगली असेल तर या प्रश्नांनी ती अधिक खोल होते. नुसती चटकदार असेल तर तिचा पोकळपणा ऐकू येतो.

आणि हे प्रश्न मासिक मिटल्यावरही उपयोगी पडतात. सणासुदीला चार नातेवाईक जमले की कोणी तरी कोणाची तरी गोष्ट सांगू लागतोच. धाकट्या जावेने काय केले, थोरल्याने वाटणीत काय घेतले, कोणाची सून कशी निघाली. सांगणारा बहुधा प्रथमपुरुषी निवेदक असतो, आणि त्याच्या हाताला हत्तीचा एकच पाय लागलेला असतो. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो बहुधा तिथे हजर नसतो. अशा वेळी निकाल देण्याची घाई करू नये. त्याच्या पदराच्या गाठीत काय आहे हे आपण अजून पाहिलेले नसते.